देवाच्या घराचा कर्ता पुरुष : रेव्ह. नारायण शेषाद्री

जालना शहराच्या जवळ बेथेल नावाचे एक लहान ख्रिस्ती गाव गेल्या शतकाच्याही मागील शतकात वसले. हे नाव मराठी नव्हे. ते पवित्र शास्त्रातून घेतलेले इब्री नाव असून त्याचा अर्थ देवाचे घर असा आहे. बापाच्या घरातून निघालेला याकोब रानात दगड उशास घेऊन निजला, त्यास शिडीचे स्वप्न पडले, आणि जागा झाल्यावर त्याने त्या निर्जन ठिकाणाला हे नाव दिले, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु जालन्याजवळच्या माळावर हे नाव कोणी आणिले, आणि ते आणणाऱ्याच्या मनात घर या शब्दाविषयी एवढी ओढ का होती, हे आता फार थोड्यांस माहीत असेल. म्हणून रेव्ह. डॉ. नारायण शेषाद्री यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगत आहो.

आमच्या देशात कुटुंबाचा भार ज्याच्या शिरावर असतो त्यास कर्ता पुरुष म्हणतात. तो सर्वांच्या आधी उठतो व सर्वांच्या मागून जेवतो. बियाणे, बैल, साऱ्याचा हप्ता, मुलीचे लग्न, म्हाताऱ्याचे औषध, या सर्वांची काळजी त्याची. नारायणराव हे मोठे विद्वान होते, वक्ते होते, दूरदेशी नावाजले गेले होते; तथापि त्यांस ओळखावयाचे तर याच एका शब्दाने ओळखावे असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ब्राह्मण कुळातला. मुंबईस स्कॉटलंडच्या मिशनाची जी इंग्रजी शाळा होती तीत त्यांचे शिक्षण झाले. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले व त्यांनी पुढे ही शाळा काढिली. तिचीच वाढ होऊन आजचे विल्सन कॉलेज झाले. त्या शाळेत डॉ. विल्सन यांच्याबरोबर रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट हे शिकवीत असत. नेस्बिट साहेबांचे मराठीवरील प्रभुत्व असे की, त्या काळच्या युरोपियनांत त्यांच्या तोडीचे फार थोडे होते. अशा गुरुजनांच्या सहवासात तरुण नारायणाच्या मनात प्रभू येशूविषयी विश्वास उत्पन्न झाला, आणि १३ सप्टेंबर १८४३ रोजी नेस्बिट साहेबांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मणाच्या मुलाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. याच्या चार वर्षे आधी, १८३९ साली, त्याच शाळेतील दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सगळी मुंबई हादरली होती, प्रकरण न्यायालयात गेले होते, आणि पुष्कळ आईबापांनी मुलांस शाळेतून काढून नेले होते. जो जातीबाहेर गेला त्याचा वडिलार्जित मालमत्तेवरील हक्कही धोक्यात येई. तो हक्क राखणारा कायदा सर्व हिंदुस्थानासाठी झाला तो १८५० साली, म्हणजे नारायणरावांच्या बाप्तिस्म्यानंतर सात वर्षांनी. परंतु मालमत्तेची गोष्ट लहान. जिवंत मुलगा मेला असे समजून त्याचा संबंध तोडणे, आईने त्याचे नाव न घेणे, भावाबहिणींच्या लग्नकार्यात त्याने पाऊल न ठेवणे, हे सोसण्यास मालमत्ता सोडण्यापेक्षा अधिक बळ लागते.

नारायणराव वयात आलेले होते, म्हणून त्यांस कोणी अडवू शकले नाही. परंतु त्यांचा एक धाकटा भाऊ होता. त्याचे नाव श्रीपत. वय सुमारे बारा वर्षांचे. तोही त्याच शाळेत शिकत असे. वडील भावाच्या मागोमाग तोही मिशनऱ्यांच्या घरी राहण्यास गेला, त्यांच्या पंक्तीस जेवला, आणि आपणही ख्रिस्ती होणार असे म्हणू लागला. मिशनऱ्यांनी त्यास बाप्तिस्मा दिला नव्हता. तेव्हा त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे असे ठरवून त्यास बापाच्या स्वाधीन केले.

वाचकहो, या प्रसंगी आम्ही ख्रिस्ती लोक बहुधा एकच बाजू सांगतो. परंतु त्या बापाकडेही पाहिले पाहिजे. एक मुलगा गेला, दुसराही चालला. बारा वर्षांच्या मुलासाठी कोणता बाप उठला नसता? कोर्टाने जे केले ते कायद्यास धरून होते, आणि बापाने जे केले ते प्रीतीस धरून होते. प्रभूच्या दृष्टांतातील बाप मुलगा दूर गेल्यावर वाट पाहत राहिला. हाही बाप त्याच जातीचा, म्हणजे बाप या जातीचा होता.

मुलगा घरी परत आला, परंतु घर त्यास परत मिळाले काय? येथे दुसरे दुःख सुरू झाले. ख्रिस्ती लोकांच्या हातचे खाल्ले, म्हणून ज्ञातीतील पुष्कळ जणांनी श्रीपतास पंक्तीस घेण्याचे नाकारिले. त्या समयी बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ साली दर्पण हे पत्र काढिले, ते या मुलाच्या साह्यास आले. बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते. मिशनऱ्यांच्या कार्यास त्यांचा विरोधच होता. तरी अजाण मुलाकडून जे घडले त्याबद्दल प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, असे त्यांनी धैर्याने प्रतिपादन केले, आणि त्यासाठी खटपट केली. याचे फळ त्यांस हे मिळाले की, ज्ञातीतील कर्मठ पक्षाने त्यांच्यावरच रोष धरिला व बहिष्काराचा त्रास त्यांस सोसावा लागला. एका बालकासाठी कष्ट सोसणारा मनुष्य आपल्या मताचा नसला तरी आदरास पात्र आहे, आणि आम्ही त्यांचे नाव येथे आदराने घेतो.

नारायणरावांच्या मनाला या सर्व प्रकाराने काय वाटले असेल? आपल्यामुळे बाप रडला, आपल्यामुळे धाकट्या भावाचे ताट वेगळे झाले. प्रभूस सोडून तर परत जाता येत नाही. आणि घर तर मोडले. पुढे त्यांनी जे जे केले ते पाहिले म्हणजे आम्हांस असे वाटते की, या तरुणाने त्याच वर्षी एक धडा कायमचा शिकून घेतला. जो माणसाला ताटावरून उठवितो त्याने त्यास बसावयास दुसरी जागा दिली पाहिजे. नाही तर त्याचा उपदेश अपुरा होय.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडातील मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च निराळे झाले, आणि मुंबईचे मिशनरी व त्यांचे शिष्य त्या फ्री चर्चच्या बाजूस गेले. त्यामुळे शाळेची इमारतही सोडावी लागली व सर्व कार्य नव्याने उभारावे लागले. अशा अडचणीच्या दिवसांत नारायणराव तयार झाले. १८५४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. इंग्रजी उत्तम, संस्कृतची परंपरा घरची, मराठी वाणी रसाळ. मुंबईसारख्या शहरात सुशिक्षित लोकांपुढे व्याख्याने देऊन जन्म घालविला असता तरी कोणी त्यांस आळशी म्हटले नसते. परंतु १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे लक्ष निजामाच्या मुलखातील जालन्याकडे लागले, आणि तेच त्यांच्या आयुष्याचे कार्यक्षेत्र झाले.

आजच्या वाचकाने त्या काळचे जालना डोळ्यांपुढे आणावे. आज तो स्वतंत्र जिल्हा आहे. पण तो झाला १ मे १९८१ रोजी. तेव्हा जालना निजाम सरकारच्या राज्यात होते. कुंडलिका नदीच्या काठी बाजारपेठ, आणि जवळच फौजेची छावणी. रेल्वे नव्हती, ती नारायणरावांच्या मृत्यूनंतर आली. मुंबईहून यावयाचे तर शेवटचे मुक्काम बैलगाडीने, घोड्यावर किंवा पायी करावे लागत. काळी जमीन; पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुतावे आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडाव्या. अशा मुलखात खेड्यापाड्यांतून शुभवर्तमान सांगत फिरणे हे खुर्चीवर बसून करण्याचे काम नव्हते.

त्यांचा उपदेश सर्व जातींस होता, परंतु तो विशेषेकरून ऐकिला तो गावाच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी. त्या वेळी ज्यांस मांग म्हणत, व जे आज मातंग समाज म्हणून ओळखले जातात, त्या लोकांतून जालन्याच्या मंडळीत पुष्कळ जण आले. त्यांची स्थिती काय होती? दोर वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नात व जत्रेत वाजंत्री वाजवावी, गावाची राखण करावी. आणि इतके करूनही गावच्या विहिरीवर पाय ठेवू नये. या दुःखाची साक्ष त्याच समाजातील एका मुलीने दिली आहे. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलीने आपल्या लोकांवरील जुलमाचे जे वर्णन केले, ते वाचून आजही मान खाली जाते.

आता हा विचार करा. ब्राह्मण कुळात जन्मलेला, ज्याच्या धाकट्या भावाने परक्याच्या हातचे खाल्ले म्हणून सारी मुंबई पेटली, तो मनुष्य मांगवाड्यात जाऊन बसतो, त्या लोकांबरोबर एका प्रभूच्या मेजावरची भाकर मोडितो, आणि त्यांस आपले भाऊ म्हणतो. हे केवळ उपदेशाने होत नाही. त्यासाठी माणसाच्या अंगातील जुने रक्तच जणू बदलावे लागते. आणि वाड्यातील लोकांचीही परीक्षा काही लहान नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची सावली टाळावयाची त्यालाच पाळक म्हणून घरात घेणे, त्याच्यापुढे आपले दुःख बोलणे, हेही धैर्याचेच काम होय.

परंतु बाप्तिस्मा घेतल्यावर नवीन संकट उभे राही. खेड्यात गरिबाची भाकरी गावकामावर अवलंबून. ख्रिस्ती झालेला मनुष्य म्हणे, देवीच्या जत्रेत मी वाजविणार नाही; मेलेले जनावर मी खाणार नाही. मग गाव म्हणे, तर तुझे बलुतेही बंद. कोठे घरावरून काढावे, कोठे पाणी तोडावे, कोठे सोयरे दुरावावे. असे त्या काळी गावोगाव घडत असे. ज्याला आधीच थोडे होते त्याचे तेही जाई. नारायणरावांनी हे पाहिले, आणि मुंबईत वीस वर्षांपूर्वी शिकलेला धडा त्यांस आठवला असेल यात संशय नाही. ताटावरून उठविलेल्यास जागा पाहिजे.

त्या वेळी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग हे होते. १८५३ पासून १८८३ पर्यंत तीस वर्षे त्यांनी राज्याचा कारभार चालविला, आणि त्यात पुष्कळ सुधारणा केल्या. नारायणरावांनी त्यांच्याकडे जमीन मागितली, आणि दिवाणांनी ती जालन्याजवळ दिली. सुरुवातीच्या काळात तिच्यावर साऱ्याची सूटही दिली. देवाच्या कारभाराचे आश्चर्य पाहा : मुसलमान दिवाणाने, ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाळकास, मांग-महारांच्या घरांसाठी जमीन दिली. जगात जी माणसे एका ओसरीवर बसत नाहीत ती एका सत्कर्मात एकत्र आली.

त्या जमिनीवर बेथेल उभे राहिले. घरे, शेते, शाळा आणि मध्ये प्रभूचे मंदिर. येथे कोणी कोणास वाडा दाखवून बाहेर उभे करीत नसे. ज्यांनी आजवर दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून धान्य मागितले त्यांनी नांगर हाती धरावा, ज्यांच्या मुलांनी शाळेचा उंबरठा पाहिला नव्हता त्यांनी पाटी धरावी, हा त्या गावाचा हेतू. नारायणराव हे पाळक होतेच, पण अशा गावात पाळकास सर्वच व्हावे लागते. भांडण तुटावे त्याच्याकडे, बैल मेला तर यावे त्याच्याकडे, मुलीचे लग्न ठरावे त्याच्या विचाराने. रविवारचा उपदेश हे त्याचे सर्वांत सोपे काम! पुढे १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. खेडीच्या खेडी ओस पडत असता ज्याच्या भरवशावर दुसऱ्यांची चूल आहे त्यास रात्री झोप कशी येत असेल, हे घराचा भार वाहणारा प्रत्येक जण जाणतो.

या कार्यास पैसा लागे, आणि मंडळी तर दरिद्री. म्हणून नारायणराव परदेशी गेले. १८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शहरी इव्हँजेलिकल अलायन्स या संस्थेची मोठी परिषद भरली. निरनिराळ्या देशांचे विद्वान तेथे जमले होते. त्या सभेत डोक्यास पागोटे बांधलेले हे मराठी पाळक उभे राहिले आणि अस्खलित इंग्रजीत हिंदुस्थानातील प्रभूच्या कार्याचे वर्तमान सांगू लागले. पाश्चात्त्य पोषाख घालणे त्यांस अशक्य नव्हते. परंतु ख्रिस्ती होण्यासाठी साहेब व्हावे लागत नाही, हे त्यांच्या पागोट्यानेच सभेस सांगितले. अमेरिकेत व स्कॉटलंडात त्यांनी बेथेलची हकीकत सांगितली, आणि मिळालेले साह्य आपल्या गावासाठी आणिले. एवढा मान मिळूनही ते परत आले ते जालन्याच्या त्याच धुळीत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस उचित वाटते. निराळी ख्रिस्ती गावे वसविण्याच्या पद्धतीस दोषही आहेत, आणि ते पुढील काळात पुष्कळांनी दाखविले. जो निराळ्या गावी राहतो त्याचा आपल्या जुन्या शेजाऱ्यांशी संबंध तुटतो. मीठ बरणीत राहते आणि कालवण अळणीच राहते. शिवाय जमीन मिशनाची, शाळा मिशनाची, विहीर मिशनाची, असे झाले म्हणजे लोकांस परावलंबनाची सवय लागते, आणि कर्ता पुरुष गेला की घर पोरके होते. हे आक्षेप खरे आहेत. आज आमच्या मंडळ्यांत जी हात पसरण्याची खोड आहे तिचे मूळ कोठे कोठे येथेच सापडेल. परंतु ज्याने उघड्यावर पडलेल्यांस पाहिले त्याने आधी छप्पर घातले, याबद्दल त्यास दोष देता येणार नाही. छपराखाली वाढलेल्या मुलांनी पुढे आपल्या पायांवर उभे राहावे, हे काम त्याचे नव्हे, आमचे होते.

म्हातारपणीही नारायणरावांच्या पायांस विसावा नव्हता. १८९१ साली परदेशच्या प्रवासात असता, समुद्रावर, जहाजातच त्यांचा अंत झाला. ज्याने इतक्यांस घर दिले त्यास शेवटच्या घटकेस आपल्या घराचे छप्पर लाभले नाही. बेथेलच्या लोकांस त्यांच्या देहाचे दर्शन घडले नाही. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूची वार्ताच तेवढी आली. परंतु याकोबाच्या गोष्टीचा अर्थ हाच नव्हे काय, की जेथे छप्पर नाही, उशास दगड आहे, तेथेही देवाचे घर असते?

त्यांच्यामागून बरीच उलथापालथ झाली. १९०३ पर्यंत जालन्याची छावणी मोडली. फ्री चर्च दुसऱ्या मंडळ्यांत मिळाले, आणि शेवटी १९७० साली उत्तर भारताची मंडळी, जिला आपण सी.एन.आय. म्हणतो, ती स्थापन होऊन जुन्या मिशनांचे निरनिराळे कुंपण बऱ्याच अंशी गेले. १९४८ साली निजामाचे राज्यही गेले. राज्ये, पलटणी आणि मिशने गेली. परंतु मराठवाड्याच्या खेड्यांत प्रभूचे नाव घेणारी कुटुंबे राहिली.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आम्ही दोनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उपदेशकांसाठी. बंधूंनो, तुम्ही एखाद्या गावी जाता आणि एखादा तरुण विश्वास ठेवितो. तुम्ही आनंदाने अहवालात त्याचे नाव लिहिता. परंतु त्याच रात्री त्याच्या घरी चूल पेटली की नाही, त्याच्या आईने त्यास वाढले की नाही, हे पाहावयास तुम्ही जाता काय? नारायणरावांनी गेलेल्या घराच्या बदल्यात घर दिले. तुमच्याजवळ दिवाणाने दिलेली जमीन नसेल. पण ओसरी आहे, भाकरीचा तुकडा आहे, मुलीच्या लग्नात उभे राहण्यास दोन पाय आहेत. आणि त्या तरुणाच्या आईबापांचा द्वेष करू नका. श्रीपताचा बाप विसरू नका. ज्याने घर सोडले त्यास आईबापांचा मान ठेवावयास शिकवा, आणि दार उघडले तर परत जाऊन त्यांच्या पायांपाशी बसावयास सांगा.

दुसरी गोष्ट सर्व मंडळ्यांसाठी. आज आमच्यातही पंक्ती वेगळ्या झाल्या आहेत. अमक्या जातीतून आलेले ते, तमक्यातून आलेले आम्ही. लग्न जमवावयाचे असले म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीची जात आम्हांस अचूक आठवते. प्रभुभोजनास एका प्यालाला ओठ लावणारे लोक सोयरिकीच्या वेळी पाठ फिरवितात. हे जर असेच चालावयाचे असेल, तर त्या ब्राह्मणाच्या मुलाने बापाचे घर कशासाठी सोडिले, आणि मांगवाड्यातील आमच्या पूर्वजांनी बलुते कशासाठी सोडिले? दोघांनीही ते एका नव्या घरासाठी सोडिले. त्या घरात पुन्हा भिंती घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

बेथेल हे केवळ जालन्याजवळच्या एका ठिकाणाचे नाव नव्हे. ज्या मंडळीत विधवेच्या घरचे धान्य संपल्याची बातमी शेजाऱ्यास तिने सांगण्याआधी कळते, ज्या मंडळीत पोरक्या मुलास कोणाच्याही चुलीपाशी बसता येते, आणि नवीन आलेल्यास त्याची जात कोणी विचारीत नाही, ती मंडळी बेथेल होय. अशा घरास कर्ता पुरुष लागतो, कर्ती बाई लागते. ते दुरून समुद्रापलीकडून यावयाचे नाहीत. येत्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना प्रत्येकाने आपल्या आळीतील एक असे घर मनात आणावे की जेथे कर्ते माणूस नाही, आणि घरी जाण्यापूर्वी त्या दारात उभे राहून विचारपूस करावी. रेव्ह. नारायण शेषाद्री यांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.